मार्क द्यायच्या आधी: होस्टिंग कौन्सिलला एक खुलं पत्र

कौन्सिलमधल्या सगळ्या मंडळींना नमस्कार,

आपल्या होस्टिंगवर, म्हणजे लोक आपापले ओपन सोर्स प्रोजेक्ट जिथे ठेवतात तिथे, प्रत्येक प्रोजेक्टला अ, ब, क, ड अशी श्रेणी द्यायचा, दर्जाच्या निकषांचा तुमचा मसुदा वाचला. पहिल्यांदा वरवर वाचला आणि वैतागलो, मग रात्री परत नीट बसून वाचला तेव्हा लक्षात आलं की वैताग आहे तसाच आहे पण निम्मा मसुदा मला पटलाय पण, म्हणून म्हटलं अभिप्रायाच्या त्या एवढ्याशा डब्यात कोंबण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावं. मी इथे एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा कोड) सांभाळतो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ इतरांचे प्रोजेक्ट वापरण्यात घालवतो, त्यामुळे दोन्हीकडून बोलतोय असं समजा.

निकषच नकोत, फुकट मिळतंय ना, मग घ्यायचं तर घ्या नाहीतर राहू द्या, असं म्हणणारे बरेच जण आता तुमच्यावर तुटून पडतील. मी त्यांच्यातला नाही. मागच्याच महिन्यातली गोष्ट. मला जुने लॉग एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायचे होते, आपल्याच होस्टिंगवर नेमकं तेच करणारा एक प्रोजेक्ट सापडला. रीडमीत, म्हणजे वापराच्या सूचनांच्या फाइलीत, तीन कमांड दिलेल्या. पहिली चालली. दुसरी एक स्क्रिप्ट बोलावते आणि ती स्क्रिप्ट रिपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइलींच्या साठ्यात, नाहीच. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून कोरं व्हर्च्युअल मशीन उभं करून परत पहिल्यापासून केलं, तेच. मग इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेले प्रश्न, चाळले तर तीन वर्षांपूर्वी कोणीतरी हाच प्रश्न विचारलेला, त्याखाली 'मलापण', 'मलापण', 'काही सापडलं का कोणाला', आणि मेंटेनरचा, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा, एक शब्द नाही. शेवटी एकाने फोर्कची, म्हणजे कोणीतरी वेगळी काढून चालवलेल्या प्रतीची, लिंक दिलेली, तर तो फोर्कही मेलेला. आणि या सगळ्याच्या वर, पानाच्या अगदी डोक्यावर, हिरवागार बॅज: बिल्ड पासिंग, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम नीट तयार होतो. हा बॅज येतो तरी कुठून म्हणून बघितलं तर ते चित्र रिपोमध्येच फाइल म्हणून ठेवलेलं, कुठल्याच सीआयला, म्हणजे आपोआप बिल्ड करून बघणाऱ्या यंत्रणेला, जोडलेलं नाही. भिंतीवर घड्याळ रंगवून ठेवावं तसा प्रकार.

आता हा प्रोजेक्ट वाईट होता का? कोड मी नंतर वाचला, चांगला होता हो. हरवलेली स्क्रिप्ट मी स्वतः वीसेक ओळींत लिहिली आणि माझं काम झालं. कोडबद्दल माझी काही तक्रारच नाही, त्या पानावर लिहिलेलं खरं नव्हतं त्याचा त्रास झाला. त्यात माझी दुपार गेली, आणि ज्याला ती स्क्रिप्ट लिहिता आली नसती त्याचं तर कामच अडलं असतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे आणि बाकीचं सगळं पत्र याच्याच भोवती फिरतंय: प्रोजेक्ट स्वतःबद्दल जे सांगतो ते खरं आहे का आणि ते तिसऱ्या माणसाला पडताळून बघता येतं का, होस्टिंगने तेवढं तपासावं. मेंटेनर किती धावपळ करतो ते मोजायला जाऊ नये. तुमचा मसुदा नेमकं तेच मोजायला निघालाय.

मसुद्यातलं कलम घ्या, गेल्या ९० दिवसांत कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल, नसेल तर प्रोजेक्टची श्रेणी खाली येणार. हे कुठून आलं ते मला माहितीये, ओपन-एसएसएफ या ओपन सोर्सच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेच्या स्कोअरकार्डमध्ये प्रोजेक्ट 'सांभाळला जातोय का' हे बघताना गेल्या ९० दिवसांतली हालचाल बघतात, आठवड्याला एक कमिट असेल तर पूर्ण गुण. पण तिथे ती अनेक तपासण्यांपैकी एक तपासणी आहे, वापरणारा ती बाजूला ठेवून बाकीच्या बघू शकतो. तुम्ही तिचं फाटक करून टाकलंत. आता डोनाल्ड कनुथ यांचं टेक घ्या, जगभरातले गणितवाले ज्याच्यावर पेपर टाइप करतात ते. त्याच्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला पायच्या किमतीजवळ एकेक अंकाने सरकतो, २०१४ साली ३.१४१५९२६५ होता आणि २०२१ साली ३.१४१५९२६५३ झाला. मध्ये सात वर्षं! मुद्दाम ठेवलेली शांतता आहे ती, नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका काढायच्या, असं त्यांनी जाहीर करून ठेवलंय. तुमच्या निकषात टेक नापास. माझी लायब्ररी टेकच्या नखाचीही नाही पण तिचंही तसंच आहे, ठराविक रुंदीच्या रकान्यांच्या जुन्या पद्धतीच्या टेक्स्ट फाइल्स वाचते ती, तो फॉरमॅट बदलत नाही आणि बदलणारही नाही, मग मी दर आठवड्याला काय कमिट करू, स्वल्पविराम? आणि करणारे करतील बरं का, हे लक्षात ठेवा. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून दर ८५ दिवसांनी रीडमीतलं स्पेलिंग इकडचं तिकडे करतील आणि तुमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसेल. परत भिंतीवरचं घड्याळ.

याच्यात एक भयंकर बाजू आहे आणि ती मसुदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी असं मी धरून चालतो. एक्सझेडचं प्रकरण आठवतंय ना? फाइल कॉम्प्रेस करायची ती लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते, एक माणूस अनेक वर्षं फावल्या वेळात एकट्याने सांभाळत होता. २०२१च्या आसपास 'जिया टॅन' नावाचं एक अकाउंट तिथे काम करायला लागलं, चांगले पॅचेस, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवायचं, सभ्य बोलायचं. आणि २०२२मध्ये दुसरीच काही अकाउंटं उगवली आणि मेंटेनरच्या मागे लागली, की रिलीज का येत नाही, पॅचेस का पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. मेंटेनरने सांगितलं की माझी मानसिक तब्येत बरेच दिवस ठीक नाहीये आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. तरी रेटा चालूच राहिला आणि हळूहळू जिया टॅनकडे अधिकार गेले. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या रिलीजमध्ये बॅकडोर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, निघाला. आता तुमचा मसुदा हातात घेऊन हे परत वाचा. ९० दिवसांत कमिट, जिया टॅन पास. इश्यूला उत्तर, पास. नियमित रिलीज, पास. एकापेक्षा जास्त मेंटेनर, अहो तोच तर दुसरा मेंटेनर होता, पास. आणि तो दमलेला मूळ माणूस मात्र तुमच्या हिशोबात क श्रेणीत बसतो, म्हणजे उद्या अशा रेटा लावणाऱ्या अकाउंटांना वेगळं काही बोलायची गरजच नाही, तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकला की झालं, बघा कौन्सिलच म्हणतंय तुम्ही ढिले आहात.

तो बॅकडोर सापडला कसा तेही सांगतो कारण त्यातून एक खरा निकष निघतो. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे एक इंजिनिअर, त्यांना दिसलं की एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण त्याला नेटवर्क स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. ते त्याच्या मागे लागले आणि २९ मार्च २०२४ला त्यांनी सगळं जाहीर केलं. त्यात कळीची गोष्ट अशी की बॅकडोर चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या रिपोत, नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडला ठेवलेल्या गाठोड्यात, घातली होती, आणि बाकीचा माल टेस्टच्या बायनरी फाइल्स म्हणून रिपोत दडवलेला. म्हणजे कोणी प्रत्येक कमिट डोळ्यात तेल घालून वाचला असता तरी ती स्क्रिप्ट दिसलीच नसती. लोक रिपो बघून विश्वास ठेवत होते आणि डाउनलोड दुसरंच काहीतरी करत होते.

तर माझ्या मते पहिला निकष हा हवा आणि तो तुमच्या मसुद्यात कुठेच नाहीये: जे डाउनलोडला ठेवलंय ते रिपोतल्या टॅगवरून, म्हणजे त्या आवृत्तीची खूण केलेल्या कोडवरून, दुसऱ्या कोणालाही बनवता आलं पाहिजे आणि हे होस्टिंगने स्वतः करून बघावं. अँड्रॉइडसाठी एफ-ड्रॉइड नावाचं ओपन सोर्स अॅपचं भांडार बरीच वर्षं बहुतेक अॅप स्वतःच सोर्सवरून बिल्ड करतं. डेबियन या लिनक्समधली माणसं रिप्रोड्युसिबल बिल्डवर किती वर्षं खपतायत, तोच सोर्स दोन वेगळ्या मशीनवर बिल्ड केला तर बाइट टू बाइट तेच निघायला पाहिजे म्हणून. सगळ्यांना ती बाइटवाली पातळी जमणार नाही हे मला मान्य आहे, टाइमस्टॅम्प आणि फाइलींच्या क्रमापासून सगळं आडवं येतं. पण निदान कोऱ्या मशीनवर रीडमीतल्या कमांड जशाच्या तशा चालवायच्या आणि टारबॉल आणि टॅग यांच्यातला फरक पानावर दाखवायचा, एवढं तर यंत्राला करता येतं आणि यात मेंटेनरला एक ओळ जास्त लिहावी लागत नाही. आपला तो लॉगवाला प्रोजेक्ट याच्यात पहिल्या मिनिटाला सापडला असता.

बरं, टेस्ट कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालवल्यावर कोडच्या किती टक्के ओळी चालतात ते. ८० टक्के पाहिजे म्हणता. माझ्या लायब्ररीचं ९६ टक्के होतं, मला त्याचा अभिमानच होता, आणि मग एका माणसाचा इश्यू आला की नावं तुटतायत. त्याच्या फाइलमध्ये नावाचा रकाना २० अक्षरांचा, त्यात 'क्षितिजा' असं नाव, आणि माझी लायब्ररी त्याला दाखवते 'क्षिति' आणि पुढे एक फुटका चौकोन. झालं असं होतं की मी अक्षरं मोजायच्या ऐवजी बाइट मोजत होतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (व्यंजन, मात्रा, हलन्त असा एकेक तुकडा) तीन बाइटचा, 'क्षितिजा'त असे आठ, म्हणजे २४ बाइट, मी २० बाइटला कात्री मारली, सहा कोडपॉइंट पूर्ण आले आणि 'ज'चे तीनातले दोन बाइट लोंबकळत राहिले. वर पुढचा रकाना तिथूनच सुरू झाला त्यामुळे त्या माणसाची अख्खी फाइल सरकली. माझ्या सगळ्या टेस्टमध्ये नावं होती ती जॉन आणि स्मिथ. स्वतःची भाषा मराठी असून! लाज वाटली थोडी. सांगायचं काय, की ती चुकीची ओळ टेस्टमध्ये शंभर वेळा चालली होती, कव्हरेजच्या हिशोबात ती हिरवीच होती. ओळ चालली एवढंच कव्हरेज सांगतं, बरोबर चालली का ते सांगत नाही. आणि सक्ती केलीत की लोक काय करतात ते मी दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये बघितलंय, फंक्शन बोलवायचं, उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि टेस्ट संपवायची, काही तपासायचंच नाही. टक्के मिळतात.

त्यापेक्षा असं विचारा ना: दुरुस्त केलेल्या प्रत्येक बगसोबत तो बग पकडणारी एक टेस्ट आहे का. 'क्षितिजा' आता माझ्या टेस्टमध्ये कायमची बसलीये. हे मशीनने तपासता येणार नाही, कोणीतरी माणसाने अधूनमधून चारपाच दुरुस्त्या उघडून बघाव्या लागतील, पण असंही बघता येत नसेल तर मग टक्क्यांचा आकडा लावून बघितल्यासारखं करू नका.

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांकडे याच्यासाठी एक मस्त शब्द आहे, 'Kwalitee', 'क्वालिटी'चं स्पेलिंग मुद्दाम बदलून केलेला, दर्जासारखं दिसतं, दर्जासारखं ऐकू येतं, पण दर्जा नव्हे, अशा अर्थाने. त्यांच्या सीपॅन या कोडच्या भांडारातल्या मॉड्यूलला यंत्राने असे गुण देतात, रीडमी आहे का, लायसन लिहिलंय का, वगैरे, आणि नावातच कबूल करून टाकलंय की हे फक्त वरवरचं आहे. किती प्रामाणिक! आणि खरं काम करतात ते सीपॅन टेस्टर्स, जगभरातले स्वयंसेवक आपापल्या मशीनवर, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, पर्लच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवर, अपलोड झालेल्या मॉड्यूलच्या टेस्ट चालवतात आणि रिपोर्ट पाठवतात. लेखकाने फक्त अपलोड करायचं. म्हणजे दर्जा तपासायचं ओझं समाजाने वाटून घेतलंय. तुमच्या मसुद्यात ४० मुद्दे आहेत आणि मी मोजले, त्यातले ३७ 'मेंटेनरने करावे' असे आहेत. 'कौन्सिल करेल' असे तीन, आणि त्यातला एक म्हणजे लोगो.

हे ओझ्याचं जरा जास्त बोलतो कारण इथेच सगळं फसतं. २०२२मध्ये पायपीआय या पायथनच्या पॅकेजेसच्या भांडाराने सगळ्यात जास्त डाउनलोड होणाऱ्या १ टक्का पॅकेजेसना 'क्रिटिकल' ठरवलं आणि त्यांच्या मेंटेनरना सांगितलं की दोन पायऱ्यांचं लॉगिन लावावं लागेल, वर फुकट सिक्युरिटी की पण देऊ केल्या. मागणी रास्त होती, माझ्या मते अगदीच रास्त. तरी एका पॅकेजच्या मेंटेनरला ते इतकं लागलं, की मी हे मौजेखातर लिहिलं आणि आता तुम्ही मला कामं सांगताय, की त्याने पॅकेज डिलीट करून परत टाकलं, तो शिक्का जावा म्हणून, आणि जुन्या आवृत्त्या गायब झाल्यामुळे लोकांची बिल्डं मोडली. तो माणूस चुकला असं तुम्ही म्हणाल, म्हणा, पण त्याचं ते वाक्य तुमच्या ३७ मुद्द्यांच्या शेजारी ठेवून बघा. पायपीआयने नंतर २०२३ संपेपर्यंत ते लॉगिन सगळ्यांनाच लावलं आणि जग काही बुडालं नाही, कारण एकच गोष्ट होती, एकदाच करायची होती, आणि का करायची ते कोणालाही दोन ओळींत कळत होतं.

आणि फाटकावर तपासणी करायची म्हणाल तर वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर करणाऱ्या ड्रुपलवाल्यांना विचारा. त्यांच्याकडे नव्या माणसाला पूर्ण प्रोजेक्ट टाकायचा तर आधी कोणीतरी स्वयंसेवक त्याचा कोड तपासणार, मग परवानगी. तपासणारे थोडे, येणारे जास्त, रांग लागली, महिनोन्महिने. नवीन उत्साहाने आलेला माणूस तिथे बसून कंटाळून निघून जायचा. २०१७मध्ये त्यांनी फाटक उघडलं, कोणीही प्रोजेक्ट टाका, पण सिक्युरिटी टीमचं छत्र हवं असेल तर त्याला वेगळी तपासणी, आणि ते छत्र आहे की नाही हे प्रोजेक्टच्या पानावर ढालीच्या खुणेने दिसतं. हे मला फार आवडतं. आत यायला अडवलं नाही, आणि कशाची हमी आहे कशाची नाही ते वापरणाऱ्याला कळतं.

म्हणूनच अ, ब, क, ड श्रेणीला माझा विरोध आहे. एका अक्षरात काय कळणार? लायसनची फाइल नाही म्हणूनही क आणि बॅकडोर असू शकतो म्हणूनही क? एफ-ड्रॉइड बघा, त्यांच्याकडे 'अँटी-फीचर' म्हणून पाट्या असतात, हे अॅप जाहिराती दाखवतं, हे तुमचा माग ठेवतं, हे बंदिस्त सेवेवर अवलंबून आहे. गुण नाही, नुसतं सांगून टाकलंय, ठरवायचं ते तुम्ही ठरवा. वर्डप्रेसच्या प्लगिनवर पण येतं बघा, गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर हे तपासलेलं नाही. वाचलं की माणूस सावध होतो. माझ्या लॉगवाल्या प्रोजेक्टवर 'शेवटचं कोऱ्या मशीनवर बिल्ड: अयशस्वी, दुसरी कमांड' एवढं जरी लिहिलेलं असतं ना, तर मी दुपारभर झटलोच नसतो.

पाट्यांवरून आठवलं, सोडून गेलेल्या प्रोजेक्टचं काय? मसुद्यात एका ओळीत उरकलंय, 'निष्क्रिय प्रोजेक्ट काढून टाकले जातील'. कृपा करून काढू नका हो. २०१६च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारावरून काढलं तर हजारो प्रोजेक्टची बिल्डं कोसळली, शेवटी एनपीएमला ते स्वतःहून परत आणावं लागलं आणि मग काढून टाकण्यावर बंधनं घालावी लागली. तिथे निदान लेखकाने काढलं होतं, इथे तुम्ही नियम म्हणून काढणार. जुना आहे, कोणी बघत नाही, पण कोणाच्या तरी डिपेंडन्सीच्या (ज्या कोडवर दुसरा कोड उभा असतो त्याच्या) डिपेंडन्सीत बसलेला असतो तो. अपाचे या अनेक ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या संस्थेतले लोक त्यांच्या संपलेल्या प्रोजेक्टना माळ्यावर टाकतात, 'अॅटिक' असंच नाव आहे त्याचं, कोड वाचायला मिळतो, नवीन काम होत नाही, सगळ्यांना माहीत असतं. डेबियनमध्ये तर मदत हवीये, नवा सांभाळणारा हवाय, आणि पॅकेज अनाथ आहे, अशा तीन वेगळ्या पाट्या आहेत. मेंटेनरला अपराधी न वाटता 'मला आता जमत नाही' म्हणायची सोय आहे ही, आणि आपल्याकडे ती नाहीये म्हणून लोक काहीच न बोलता गायब होतात.

पण हस्तांतर उघड्यावर व्हायला हवं, हे मात्र सक्तीचं करा, माझा पूर्ण पाठिंबा. २०१८मध्ये एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचं झालं तेच, मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, कोणीतरी अनोळखी माणसाने विचारलं मी सांभाळू का, याने देऊन टाकलं, आणि नव्याने त्यात एक डिपेंडन्सी घुसवली जी एका बिटकॉइन वॉलेटमधले पैसे चोरायला बनवलेली होती. मूळ लेखकाला मी दोष देत नाही, आपण सगळ्यांनी तेच केलं असतं. पण रिलीजचा अधिकार बदलला की पानावर महिनाभर ठळक दिसलं पाहिजे आणि ज्यांचे प्रोजेक्ट त्यावर उभे आहेत त्यांना कळलं पाहिजे. अपाचेमध्ये रिलीजला कमीत कमी तीन अधिकृत '+१' मतं लागतात आणि मत देणाऱ्याने सोर्स स्वतः उतरवून, बिल्ड करून, सही तपासून मग मत द्यायचं असतं. एकट्याच्या प्रोजेक्टला तीन माणसं कुठून आणायची ते मला विचारू नका, पण अधिकार बदलल्यानंतरच्या पहिल्या रिलीजपुरता तरी कौन्सिलमधला एक डोळा द्यायला काय हरकत आहे?

सिक्युरिटीच्या कलमाबद्दल दोनच शब्द. ४८ तासांत उत्तर मागताय. ओपन-एसएसएफचा जो बेस्ट प्रॅक्टिसेस बॅज आहे, जो हार्टब्लीड या गाजलेल्या सिक्युरिटीच्या चुकीनंतरच्या धावपळीतून जन्माला आला, त्याच्या पहिल्या पातळीला पहिल्या उत्तरासाठी १४ दिवस दिलेत. त्यांना काय सिक्युरिटी कळत नाही? आणि हार्टब्लीडचं मूळ तरी काय होतं, ओपन-एसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवणं, एका फटक्यात ६४ केबीपर्यंत. २०१२पासून बाहेर होती ती चूक, एप्रिल २०१४मध्ये जाहीर झाली. अर्धं इंटरनेट ज्याच्यावर चाललेलं त्या प्रोजेक्टला वर्षाला देणग्या यायच्या साधारण २००० डॉलर आणि पूर्णवेळ माणूस एक. ४८ तासांचा नियम तिथे असता तर त्या एका माणसाने नियम पाळला असता आणि चूक तिथेच राहिली असती. संपर्काचा पत्ता सक्तीचा करा, खाजगीत कळवायची सोय सक्तीची करा, आणि १४ दिवसांत उत्तर नाही आलं तर कौन्सिलमधलं कोणीतरी पुढे होईल असं लिहा. ते शेवटचं वाक्य लिहायला जड जाईल, माहितीये.

लायसनचं कलम उत्तम आहे, त्याला हात लावू नका. आचारसंहितेची फाइल सगळ्यांना कॉपी-पेस्ट करायला लावताय ती मात्र नुसती फाइलच राहणार, तक्रार आली तर ऐकणार कोण ते आधी ठरवा.

आता मी काय करणार ते सांगतो म्हणजे नुसता उपदेश करून गेला असं व्हायला नको. रीडमी कोऱ्या मशीनवर चालवून बघायची स्क्रिप्ट माझ्याकडे तयार आहे, त्या लॉगवाल्या प्रकरणानंतर रागातच लिहिली, ओबडधोबड आहे पण चालते, ती तुमच्या रिपोत पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, म्हणून टाकलीये. महिन्यातला एक रविवार मी इतरांच्या दुरुस्त्या उघडून टेस्ट बघायला देऊ शकतो, अजून चारजण तयार झाले तर बघा. त्या लॉगवाल्या प्रोजेक्टला हरवलेली स्क्रिप्ट पण पाठवलीये, अजून मर्ज झालेली नाही आणि होईल असं वाटत नाही, पण इश्यूखाली लिंक टाकून ठेवलीये, त्या 'मलापण'वाल्यांपैकी कोणाला लागली तर.

आणि तुमचा नोंदणीचा फॉर्म मी भरलाय. प्रोजेक्टची स्थिती विचारलीये तिथे 'सक्रिय', 'निष्क्रिय' आणि 'इतर' असे तीनच पर्याय आहेत, 'काम पूर्ण झालंय, बग आला तर बघतो' असा नाहीये. मी 'इतर' निवडलं तर फॉर्म म्हणतोय कारण लिहा, कमीत कमी १०० अक्षरं. अक्षरं मोजताना तुमचा फॉर्म बाइट मोजतोय, मी ३४ अक्षरं लिहिली तेव्हाच त्याने पास केलं. इश्यू टाकलाय.

तुमच्याच होस्टिंगवरचा,
एक 'इतर' मेंटेनर